बुचडा बांधेपर्यंतची मिनिटं

माझ्या वहीत पहिल्या रकान्याचं नाव 'बुचडा' आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून दोन्ही हात मानेमागे नेऊन केसांचा बुचडा बांधता येईपर्यंत किती मिनिटं गेली, तो आकडा तिथे लिहिते. दुसऱ्या रकान्यात त्या दिवशीचा प्रेडनिसोलोन या स्टेरॉईड गोळीचा डोस, तिसऱ्यात संध्याकाळची साखर. चौथा रकाना मोकळा ठेवला आहे, जे जाणवेल ते लिहायला. पतसंस्थेत ३१ वर्षं रोखपाल होते, रोजचा हिशेब रोज लिहायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. खांदे आणि खुबे जखडणाऱ्या पॉलिमायल्जिया रुमॅटिका या आजारात मला सगळ्यात जास्त उपयोग त्या सवयीचाच झाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात झाली ती २०२२ च्या नोव्हेंबरात, किरणोत्सवाच्या दिवसांत. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत येतात तो सोहळा पाहायला दरवर्षी जाते. त्या संध्याकाळी गर्दीत उभी होते, सगळ्यांचे हात जोडून कपाळापर्यंत गेले आणि माझे छातीशीच थांबले. खांद्यांतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, दर्शनाने भरून आलं. मला वाटलं, आदल्या दिवशी फराळाचे मोठे डबे माळ्यावर टाकले, उसण भरली असेल.

उसण चार दिवसांत जाते. हे दुखणं आठवड्याभरात दोन्ही खांद्यांतून मानेत आणि मग कमरेखाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला उतरलं. रात्री कुशीवर वळायचं तर जाग यायची आणि जाग आली की वळता यायचं नाही. पहाटे अंग लाकडासारखं. आमचं घर शिवाजी पेठेतलं जुनं आहे, पाट मांडून जेवायची पद्धत अजून आहे. पाटावरून उठताना हे हात द्यायचे. "अगं, दोन म्हयन्यापूर्वी जोतिबाच्या पायऱ्या चढलीस की तू," असं म्हणायचे आणि मग स्वतःच गप्प व्हायचे. परकराची नाडी बांधणं, ब्लाऊजमध्ये हात घालणं, भाकरी थापताना परातीवर भार देणं यातलं काहीच सकाळी जमेना. दुपारी एक वाजला की मात्र मी बरीचशी माणसांत यायची. त्यामुळे सकाळी मला न पाहिलेल्या लोकांना माझं दुखणं खरं वाटत नव्हतं.

एका दवाखान्यात फ्रोझन शोल्डर सांगितला. दुसरीकडे मानेचा एक्स-रे काढून मणक्याची झीज सांगितली. सहासष्टाव्या वर्षी कुणाच्या मणक्यात झीज नसते? पट्टा, शेक आणि दुखणं दाबायच्या गोळ्या, असे जवळजवळ अडीच महिने गेले. गोळ्यांनी दुखणं थोडंसं दबायचं आणि पोटात आग पडायची. आक्का निर्गुडीचं तेल घेऊन आली, रोज चोळून द्यायची. चोळेपर्यंत बरं वाटायचं. वजन ४ किलो उतरलं, भूक गेली. दोन्ही खांदे एकाच आठवड्यात कसे गोठतील, हा प्रश्न तेव्हा मलाही सुचला नाही, याचं आज वाईट वाटतं.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या जागी बसलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी साधा प्रश्न विचारला. "सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो, काकू?" मी म्हटलं, दोन-अडीच तास. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि लगेच ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करायला पाठवलं. ईएसआर ८८ आला, सीआरपी ५४. शरीरात कुठेतरी मोठा दाह चालू आहे एवढं त्यातून कळतं, कुठे ते कळत नाही. संधिवाततज्ज्ञांकडे गेल्यावर आणखी तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह, म्हणजे नेहमीचा आमवात असण्याची शक्यता कमी. सीपीके नॉर्मल, म्हणजे स्नायू स्वतः खराब झालेले नाहीत. थायरॉईड ठीक. छातीचा एक्स-रे काढला तो क्षयाची शंका दूर करायला, कारण पुढे जे औषध द्यायचं होतं त्याने दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

पॉलिमायल्जिया रुमॅटिका हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पन्नाशीनंतरच होणारा आजार, बहुतेकांना सत्तरीच्या आसपास, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त. दुखतात स्नायू असं वाटतं, पण दाह असतो तो खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोवतीच्या पिशव्यांत आणि आवरणांत. हात वर न जाण्याचं कारण ते. आजार जास्त करून आढळतो उत्तर युरोपात, नॉर्वे-स्वीडनकडे. आपल्याकडे तो कमी दिसतो, आणि दिसला तरी 'वात' म्हणून घरातच राहतो, असं डॉक्टर म्हणाले. १८८८ साली ब्रूस नावाच्या स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले होते. आजचं नाव मात्र १९५७ मधलं, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान.

१५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. डॉक्टर म्हणाले, "हाच आजार असेल तर आठवड्याच्या आत तुम्हीच मला सांगाल." तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढला, आधण ठेवलं, आणि मग लक्षात आलं की डबा मी काढला होता. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. "आई, हात!" एवढंच बोलली. मग आम्ही दोघीही रडलो. १९४८ मध्ये अमेरिकेत कॉर्टिसोन या स्टेरॉईडचं पहिलं इंजेक्शन मिळालेली आमवाताची एक तरुण बाई काही दिवसांत उठून चालायला लागली होती, आणि दोनच वर्षांनी त्या कामाला नोबेल मिळालं, हे नंतर वाचलं. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

पण हे औषध देतं तसं वसूलही करतं. पहिल्या महिन्यात झोप उडाली. रात्री तीनला उठून मी भांड्यांची कपाटं लावत असे. भूक इतकी की दोन जेवणांच्या मध्ये तिसरं जेवावं वाटे. चेहरा गोल झाला आणि ओळखीचे लोक "तब्येत सुधारली हं" म्हणायला लागले. हातांची कातडी पातळ झाली. बांगडी जरा जोरात लागली तरी काळंनिळं व्हायचं, म्हणून लग्नापासून हातात असलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. ते मला फार लागलं. आता दोन्ही हातांत एकेक पाटली आहे.

साखरेचं एक सांगायलाच हवं. सकाळची उपाशीपोटीची साखर ९८ आली म्हणून आम्ही निश्चिंत होतो. डॉक्टरांनी दुपारच्या जेवणानंतर बघायला सांगितलं, ती आली २४०. सकाळी घेतलेलं स्टेरॉईड साखर चढवतं ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत, पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. फक्त सकाळी रक्त देऊन समाधान मानणाऱ्यांना हे कळतच नाही. वहीतला तिसरा रकाना तेव्हा आला. भात निम्मा केला, ज्वारीची भाकरी ठेवली, पापड-लोणचं बंद. रविवारी घरात मटण झालं की पांढरा रस्सा एक वाटी, त्यावर दुसरी नाही.

हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि हाडांची घनता मोजल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी. ती सुरू करायच्या आधी दात दाखवून घेतले. ही गोळी रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू दर सहा महिन्यांनी बघायचा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी माझ्यासमोर, यांच्यासमोर आणि मुलासमोर तीनदा सांगितली. कानशिलात नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, एका डोळ्याने अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. या आजाराच्या काही रुग्णांना डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते आणि वेळेत औषध वाढवलं नाही तर दृष्टी जाते, गेलेली परत येत नाही. एकदा भाकरी चावताना माझा जबडा दुखला. रात्रीचे साडेआठ वाजले होते, तरी मुलाने गाडी काढली. निघाली ती अक्कलदाढ. डॉक्टर रागावले नाहीत. "असंच यायचं," म्हणाले.

खरी परीक्षा डोस कमी करताना आहे, आणि त्याबद्दल मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, गोळी कमी करायची म्हणजे जिना उतरायचा. १५ वरून १२.५, मग १०, हे दोन महिन्यांत सहज झालं. पुढे एक दिवस १० आणि एक दिवस ७.५, असं चार आठवडे, मग रोज ७.५. तेव्हा जून लागला होता. एका लग्नात चार बायका भोवती जमल्या. "स्टेरॉईड? बाई गं, हाडं पोखरतात. सोड ते आधी. आमच्या नणंदेचं असंच झालं." घरी येऊन आरशात गोल चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाला न विचारता ५ वर आले. मला वाटलं, मी धीराची आहे, सोसेन.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी बुचड्याला ४० मिनिटं लागली, चौदाव्या दिवशी ९५. सीआरपी २८. डॉक्टरांनी वही बघितली, आकडे बघितले, आणि ७.५ वर परत नेलं. ते म्हणाले ते वाक्य मी चौथ्या रकान्यात लिहून ठेवलं आहे: सोसण्याने हा दाह कमी होत नाही. मला ते लागलं, कारण आमच्या पिढीच्या बायकांना सोसणं हाच गुण म्हणून शिकवलेला. मागे गेल्याचं दुःख झालं. पण खरं सांगायचं तर कमी करायची घाई मला नव्हतीच, ती त्या लग्नातल्या बायकांना होती.

त्यानंतर औषधवाल्याला सांगून १ मिलिग्रॅमच्या गोळ्या मागवल्या. महिन्याला १ कमी, ६ च्या खाली आल्यावर त्याहूनही सावकाश, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारून. या सावकाश उतरण्यात एक गोष्ट वहीने शिकवली. माझ्या अंगात एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी राहतात.

पहिलं, आजाराचं. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं, खांदे आणि खुबे. पहाटे सगळ्यात वाईट, दुपारपर्यंत ओसरतं. बुचड्याची मिनिटं दिवसागणिक वाढत जातात, कमी होत नाहीत. सीआरपी चढतो. दुसरं, गोळी कमी केल्याचं. हे गोळी उतरवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं. सगळं अंग कुटल्यासारखं दुखतं, पोटऱ्या, तळपाय, बोटंसुद्धा, आणि सकाळ-संध्याकाळ असा फरक नसतो. मन उदास होतं. पण बुचडा मात्र १५-२० मिनिटांत बांधता येतो, आणि दहा-बारा दिवसांत ते आपोआप विरतं. पहिल्यांदा ७ वरून ६ वर आले तेव्हा याच दुखण्याला मी आजार समजून घाबरले होते. रक्त तपासलं तर सीआरपी ३. डॉक्टरांनी दोन आठवडे थांबायला सांगितलं. बाराव्या दिवशी वहीत नुसतं 'बरं' असं लिहिलं आहे. तिसरं दुखणं उजव्या गुडघ्याचं. ते वयाचं आहे. जिना चढल्यावर, संध्याकाळी दुखतं, बसलं की थांबतं. त्याला पॅरासिटामॉल पुरतं. स्टेरॉईडबरोबर दुखण्याच्या जोरकस गोळ्या घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, म्हणून त्या मी घरातच ठेवत नाही.

ही तीन वेगळी ओळखता येईपर्यंत मी प्रत्येक कळेला भीत होते. आणि भीतीने रात्री झोप लागली नाही की दुखणं दुप्पट होतं, हेही वहीत दिसतं.

रोजच्या जगण्यात काही बदल केले ते सांगते. उठताना पाठीवरून सरळ उठत नाही. आधी कुशीवर, मग पाय खाटेखाली, मग हाताच्या रेट्याने धड वर. खाटेच्या पायथ्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आहे, ती धरून वळता येतं. अंगावर गरम पाणी आधी, चहा नंतर. खांद्यावर पाणी पडत असतानाच हात लोंबते ठेवून घड्याळाच्या लंबकासारखे झुलवते, आणि भिंतीवर बोटं चालवत वर नेते. ब्लाऊज सगळे पुढून हुकांचे शिवून घेतले. खाली बसून भाकरी थापणं सोडलं, ओट्याशी उभी राहून थापते. पहाटेच्या रंकाळ्याच्या फेऱ्या सोडल्या, कारण त्या वेळी मी माझी नसते. संध्याकाळी साडेपाचला पद्माराजे उद्यानाकडून निघते, चाळीस मिनिटं चालते. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी घरातली सगळी कामं उपसायची, हा माझा सगळ्यात मोठा दोष होता. त्याची फेड पुढचे तीन दिवस करावी लागायची. आता बऱ्या दिवशीही काम निम्म्यावर ठेवते, आणि ते मला अजूनही कठीण जातं.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेला पूर होता. तेव्हा मी ५ वर होते. घरात सगळ्यांना जुलाब-उलट्या झाल्या, मलाही. सकाळची गोळी उलटून पडली. दुसऱ्या दिवशीही. पोटच ठीक नाही तर गोळी कशाला, असं मला वाटलं. दुपारी उठून उभी राहिले आणि मोरीच्या दारात कोसळले. दवाखान्यात रक्तदाब ८० वर ५० होता. मुलाने सांगितलं म्हणून बरं, की आई दीड वर्ष स्टेरॉईडवर आहे. ताबडतोब शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन दिलं. तासाभरात मी बोलायला लागले.

त्याचं कारण मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत आहे. निरोगी शरीर रोज स्वतःचं स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसोल, तिथे तयार करतं, प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास. बाहेरून गोळी मिळत राहिली की या ग्रंथी काम थांबवतात. त्यांना जागं व्हायला महिने लागतात. म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. ताप आला, अपघात झाला, शस्त्रक्रिया ठरली तर डोस काही दिवस वाढवावा लागतो, आणि गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यावं लागतं. तेव्हापासून माझ्या पाकिटात आधारकार्डाच्या मागे एक जाड कागद आहे. त्यावर आजाराचं नाव, चालू डोस आणि 'स्टेरॉईड अचानक बंद करू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. यांच्याही खिशात तसाच आहे. दुसरं काही नाही केलं तरी हा कागद प्रत्येकाने करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता ३ वर आहे. गेल्या महिन्यात सकाळी आठला, गोळी घ्यायच्या आधी, कॉर्टिसोलची तपासणी केली. ग्रंथी जाग्या होत आहेत पण पुरत्या नाहीत, म्हणून आणखी दोन महिने ३ वरच राहायचं ठरलं. पूर्वी असं ऐकलं असतं तर घरी येईपर्यंत रिक्षात डोळे पुसले असते. या वेळी घरी येऊन वहीत पुढच्या दोन महिन्यांच्या ओळी आखल्या.

उन्हाळा लागला आहे, वर्षाची चटणी करायची आहे. गेली तीन वर्षं सूनबाईने एकटीने केली, यंदा मी कांदा-खोबरं भाजायला बसणार आहे, खुर्चीवर. मिरच्या आणल्या, देठं काढून झाली. मिरची कांडून देणारा डंकवाला सकाळी सातला या म्हणत होता, गर्दी नसते म्हणून. मी त्याच्याकडून अकराची वेळ घेतली.